दोन पंखे आणि मागची खोली

३ ऑक्टोबर २००७

मोठी मशीन आज परत बंद पडली. ऋतिक खेळत होता. समोरचा शेवटचा माणूस मारायचा राहिला होता आणि पडदा काळा. त्यानी माझ्याकडे असं बघितलं, जशी काय वायर मीच ओढली. म्हणाला, "गण्या, चढावर म्हातारीला लागते तशी धाप लागते रे तुझ्या मशीनला." सगळी पोरं हसली. मी पण हसलो, पण आतून राग आला.

बाकीच्या चार मशीन जुन्या, त्या कधी तापत नाय. पण त्यांच्यावर गोळीबाराची गेम अडकत अडकत चालते. पोरं येतात ती मोठीसाठीच. कॉलेजची येतात, सुट्टीच्या दिवशी एमआयडीसीतली येतात. ती अशीच बंद पडत राहिली तर दुकानात कुत्रं पण येणार नाय.

कॉम्प्युटरवर गेम खेळायचं हे दुकान प्रज्वलदादाचं. शेजारची भातगिरणी त्याच्या बापाची, काळूरामशेठची. मी दुकान उघडतो, झाडतो, पोरांना मशीन लावून देतो आणि टेबलाखाली झोपतो. ही डायरी खतवाल्यानी शेठला फुकट दिलेली, शेठनी मला दिली, साल सरत आल्यावर. आश्रमशाळेत पाचवीपर्यंत लिहिलं, त्यानंतर आज लिहितोय.

५ ऑक्टोबर

आज दादाला मागच्या खोलीचं विचारलं. दुकानाच्या मागं, गिरणीच्या उलट अंगाला, एक खोली रिकामी पडलेय. एक खिडकी, खिडकीबाहेर शेत. दादा म्हणाला, मोठी मशीन तापायची थांबली की खोली तुझी, तुळशीच्या लग्नाच्या टाइमाला बायकोला आण. हे तो मोबाइलमध्ये बघत बोलला. पण बोलला.

ठमीला सहावा महिना आहे. आमचा पाडा डोळखांबच्या वर, डोंगराला टेकून. जमीन कोणाला नाय. तुळशीचं लग्न झालं की मुकादम ट्रक आणतो आणि सगळी वीटभट्टीवर जातात, म्हातारी माणसं सोडून. भट्टीवर जोडी लागते, नवरा-बायको. एकानी चिखल करायचा, एकानी विटा पाडायच्या. मी भट्टीवरच जन्मलो. मागच्या साली आमचं पोर पण भट्टीवरच झालं आणि नाव ठेवायच्या आत गेलं. पाड्यावरची सुईण, बारकी तिचं नाव, ती नंतर म्हणाली, छातीत धूर बसला. मी तेव्हाच ठरवलं, पुढचं भट्टीवर नाय. मुरबाडला सरकारी दवाखाना आहे, खोलीपासून चालत जाता येतं.

बाबा म्हणतो, गण्या एका जागी टिकत नाय. खोटं नाय ते. कसाऱ्याला ढाब्यावर होतो, पळालो. पोल्ट्रीवर होतो, वासानी पळालो. इथं वर्ष होईल, पाय अजून हलला नाय.

म्हणून मला मशीन थंड पाहिजे. बाकी काय नाय.

१० ऑक्टोबर

दादा इस्त्रीचा शर्ट घालून, फाईल घेऊन मुंबईला गेला होता. येताना दोन पंखे आणले. जुना पंखा तळहाताएवढा, हे भाकरीएवढे. पात्यांच्या मागं निळी लाइट. चौकटीच्या कडेला बाण कोरलेला, वारा कुठं फेकतो तो दाखवायला. फाईल कसली विचारलं तर म्हणाला, असंच रे, कागद.

पंखे तोच बसवणार होता, पण त्याला फोन आला आणि तो रस्त्यावर जाऊन इंग्लिशमध्ये बोलत राहिला. मग मीच बसवले. एक पुढच्या जाळीला, एक मागच्या. दोघांचे बाण आत. थंड करायचं तर वारा आत गेला पाहिजे, त्यात काय शिकायचं आहे. भट्टी रचताना पण आमी दोन्ही अंगांना तोंडं ठेवतो, वारा घ्यायला.

मशीन चालू केली तर डबा आतून निळा झाला, लग्नाच्या मांडवासारखा. पोरांनी शिट्ट्या मारल्या.

११ ऑक्टोबर

आधीपेक्षा लवकर बंद पडली.

दादानी डबा उघडून बघितला आणि भिंतीला टेकून हसायला लागला. "दोन दारांनी पावणे आत घेतलेस. बाहेर कुठून काढणार?"

मला तोंडात मारल्यासारखं झालं. भट्टीचं डोकं उघडं असतं, धग वरून निघून जाते. डब्याचं डोकं पत्र्याचं. मी मशीनची भट्टी लावून ठेवली होती.

मागचा पंखा काढून उलटा बसवला. बाण बाहेर. आता पुढून गार आत येतं, मागून गरम बाहेर जातं. मागं हात धरला तर बैलाच्या नाकातून येतो तसा वारा लागतो.

१५ ऑक्टोबर

चार दिवस झाले, एकदा पण बंद नाय. ऋतिकनी आज सगळ्यांना हरवलं आणि जाताना मशीनच्या डोक्यावर थाप मारली. म्हणाला, "म्हातारी जवान झाली." ते मलाच होतं.

डोळखांबवरून दामूचा टेम्पो भाजी घेऊन येतो. त्याच्याबरोबर ठमीला निरोप धाडला. खोली झाली, तुळशीच्या लग्नाच्या आधी निघून ये, भांडी आण.

दामू म्हणाला, "राजा झालास रे तू. मुरबाडात खोली."

२१ ऑक्टोबर, दसरा

सकाळी गिरणीची पूजा, मग दुकानाची. शेठनी मोठ्या मशीनला झेंडूचा हार घातला तो नेमका पुढच्या जाळीवर. मी हळूच बाजूला सरकवला. शेठ ओरडले, देवाचा हार सरकवतोस. दादा म्हणाला, "आबा, बरोबर करतोय तो. वारा अडतो." शेठसमोर दादानी माझी बाजू घेतली.

पूजा झाल्यावर दादानी मोबाइलनी मशीनचे फोटो काढले, पुढून, मागून, डबा उघडून आतून. हार काढायला लावला फोटोसाठी. मग म्हणाला, हिचा बॉक्स आणि थर्मोकोल माळ्यावर आहे तो नीट सांभाळ, उंदीर लागू देऊ नको. भारी जीव आहे त्याचा मशीनवर.

दुपारी शेठ गिरणीत भात सडायचा हलर बसवणाऱ्या मिस्त्रीला घेऊन आले. दोघांनी टेप लावून दुकान मोजलं, मागची खोली पण मोजली. मला वाटतं मधी भिंत घालणार असतील. बाईमाणूस राहायला येणार म्हटल्यावर आडोसा पाहिजेच. मी टेपचं एक टोक धरलं.

३० ऑक्टोबर

हळवं भात, लवकर पिकणारं, निघालं आणि गिरणी सुरू झाली. आणि मोठी मशीन परत बंद पडली.

पहिल्यांदा वाटलं पंखा जळला. डबा उघडला तर पंखा फिरतो, पण आतल्या खवल्याखवल्यांच्या पत्र्यावर कोंडा बसलाय. पुढच्या जाळीवर कोंडा, मागच्या पंख्याच्या पात्यांवर कोंडा. चिमटीत धरला तर तेलकट. तुसाची धूळ झटकली तर जाते, कोंड्याची जात नाय, तो चिकटतो. रंगाच्या ब्रशनी खरवडून काढला. संध्याकाळी परत तेवढाच.

जुन्या मशीनना काय होत नाय. त्यांचे पंखे एवढेसे, त्यांना ओढायची ताकदच नाय. हे नवीन पंखे एवढे जोराचे की गिरणीतला सगळा कोंडा हेच ओढून घेतात. जेवढा चांगला पंखा तेवढा लवकर मरतो.

४ नोव्हेंबर

जाळीवर ठमीच्या जुन्या लुगड्याचा तुकडा ताणून बांधला, मी उशाला घेतो तो. कोंडा अडला. वारा पण अडला.

लोडशेडिंग आहे. लाइट आली की शेठ गिरणी चालू करतात, लाइट आली की मी मशीन चालू करतो. गिरणी थांबते तेव्हा मशीन पण थांबलेलीच. म्हणजे स्वच्छ वारा असतो तेव्हा लाइट नाय, आणि लाइट असते तेव्हा वाऱ्यात कोंडा. आज दिवसभर डोक्यात हेच फिरत होतं.

शेठना विचारलं, लाइट आल्यावर थोडा वेळ गिरणी उशिरा चालू केली तर. शेठ रागावले नाय. बाहेर भाताची पोती घेऊन बसलेल्या माणसांना ऐकवलं, "ऐका. गणूशेठच्या डब्याला शिंका येतात, तुमी जरा थांबा." सगळी हसली. सापगाववरून आलेली एक म्हातारी तर पोत्यावरून घसरली हसून.

९ नोव्हेंबर, लक्ष्मीपूजन

घरी गेलो नाय. सुट्टी लागल्यामुळे पोरांची गर्दी आहे. दिवसातून चार वेळा डबा उघडतो, खरवडतो, लावतो. माझ्या नखात कोंडा, नाकात कोंडा.

दामूकडून निरोप आला. ट्रक त्रिपुरी पुनवेला सकाळी येणार. ठमीनी विचारलंय, येऊ ना नक्की. मी सांगितलं ये.

दादाला म्हटलं, दादा, खोलीचं काय. तो म्हणाला, "तापायची थांबली का?" मी म्हटलं, गिरणी नसती तर थांबली असती. तो म्हणाला, "गिरणी आहे ना पण." मग माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाला, "बघ काय जमतंय. आता या महिन्यात ती नीट चालणं लय महत्त्वाचं आहे."

त्याला पण दुकान वाचवायचं आहे. आमी दोघं एकाच गोष्टीच्या मागं आहोत.

१३ नोव्हेंबर

जमलं.

अंघोळीचं पाणी आणायला मागच्या खोलीवरून गेलो तर खिडकीच्या कट्ट्यावर बोट फिरवलं. साधी धूळ. कोंडा नाय. गिरणी पुढच्या अंगाला कोंडा फेकते, मागं शेताकडून वारा येतो. मी तिथल्या तिथं धावत दादाकडे गेलो आणि म्हटलं, मोठी मशीन मागच्या खोलीत ठेवून बघूया.

दादानी वायर ओढून घेतली. टेबल मी आणि ऋतिकनी उचललं. पुढची जाळी खिडकीकडे केली. गिरणी जोरात चालू होती आणि मशीन दिवसभर एकदा पण बंद नाय. पत्र्याला हात लावला तर कोमट, तापातून उठलेल्या माणसाच्या कपाळासारखा.

दादानी मला वडापाव आणला, स्वतः जाऊन. म्हणाला, "डोकं आहे रे तुला."

१४ नोव्हेंबर

सकाळी उठल्यावर ध्यानात आलं, खोली तर ठमीची होती.

थोड्या दिवसांचीच गोष्ट आहे. भाताचा हंगाम सरला की गिरणी मंदावेल, मशीन परत पुढं आणू. दादाला विचारलं नाय अजून. पण तसंच करणार, दुसरं काय करणार.

१९ नोव्हेंबर

ठमी आली. दामूच्या टेम्पोत भाजीच्या पाट्यांवर बसून. एक गाठोडं, टोप, तवा आणि एक कोंबडी. पोट चांगलं पुढं आलंय. निरोप परत फिरवायचा होता तो मी फिरवला नाय. वाटलं, तोपर्यंत काहीतरी होईल.

मागं नेलं. ती दारात उभी राहिली. टेबलावर मशीन निळी पेटलेली, समोर तीन पोरं, खिडकीतून गार वारा. ठमीनी पदर खोचला. "ही कोण बसलेय रे माझ्या घरात? सवत?"

ऋतिक मान न वळवता म्हणाला, "वहिनी, तुमच्याहून जास्त नखरे हिचे."

ठमी हसली. गाठोडं काखेतून खाली ठेवलं नाय.

बाहेर कट्ट्यावर बसलो. ती म्हणाली, मी कोपऱ्यात पडेन, तिला कुठं धक्का लावते. मी दादाला विचारून आलो. दादा म्हणाला, चूल पेटवली की धूर, मशीन परत भरणार. बरोबरच आहे ते. मी ठमीला नीट समजावलं. पंखा कसा ओढतो, काजळी कशी आत बसते, मग धग कशी कोंडते. बाण काढून दाखवला जमिनीवर. म्हटलं, तिला स्वच्छ वारा लागतो गो, थंड जागा लागते, नायतर ती जगत नाय.

ठमीनी सगळं शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग म्हणाली, "आणि मला?"

मी म्हटलं, आठ दिवस थांब. ती म्हणाली, ट्रक थांबत नाय. वाल्मिक मुकादमानी तिची जोडी माझ्या बाबाबरोबर लावलेय, झिपरू आणि ठमी. ती चढली नाय तर बाबाला पण घेणार नाय, एकट्याला काय करायचा. मी म्हटलं, खोली मोकळी झाली की मी स्वतः न्यायला येतो, पुनवेच्या आधी. ती म्हणाली, "ये." तेवढंच.

रिकामा टेम्पो परत निघाला त्यात ती गेली. कोंबडी ठेवून गेली. म्हणाली, खोली झाली की अंडी होतील, बाळंतिणीला लागतात.

२० नोव्हेंबर

दादा म्हणाला, कोंबडीची पिसं मशीनमध्ये जातील. म्हणून कोंबडी शेठच्या घरी ठेवायला दिली.

२३ नोव्हेंबर

कल्याणवरून तीन जण आले, दादाच्या ओळखीचे. मोठी मशीन बघायला. दुपारभर त्यांनी गेम लावून ठेवली, जड गेम, मुद्दाम. मागून हात लावून बघत होते. मला वाटलं, आपली मशीन बघायला कल्याणवरून माणसं येतात. मी त्यांना सगळं दाखवलं. पंख्यांची तोंडं, बाण, मी कोंडा कसा काढतो, जाळी खिडकीकडे का ठेवली. त्यातला मोठा माणूस दादाला म्हणाला, "एकदम नीट ठेवलेली आहे. तापत नाही अजिबात."

मग दादानी मला माळ्यावरून बॉक्स आणि थर्मोकोल काढायला सांगितलं.

बॉक्स हातात घेऊन शिडीवरून उतरताना मला कळलं. मीच तिला थर्मोकोलमध्ये बसवली. मीच दोरी बांधली.

ते शेठच्या घरी जेवायला गेल्यावर दादा माझ्याजवळ बसला. म्हणाला, पुण्याला कंपनीत नोकरी लागली, एक तारखेला जायचं आहे. जुन्या चार मशीन पण जातील. म्हणाला, "तुझ्या हातामुळे चांगली गेली, गण्या. तापत असती तर कोणी घेतली नसती." हे तो मनापासून बोलला. आधीचा छोटा पंखा ड्रॉवरमध्ये होता तो मला दिला. "ठेव. तुला आवडतात."

मी विचारलं, खोली. तो म्हणाला, आबांना विचार, मी कशाला नाय म्हणू.

त्याची ना नाय. आणि खोली आता मोकळी झाली. मशीन नाय तर चुलीच्या धुराचं पण काय नाय. मी लगेच खोली झाडली, फरशी पुसली, खिडकीची जाळी धुतली. चुलीसाठी तीन विटा आणून ठेवल्या. डोळखांबची शेवटची एस्टी तोपर्यंत गेली होती. उद्या पुनव, सकाळी पहिल्या गाडीनी जातो. ट्रक काय उजाडायच्या आत येणार नाय.

शेठच्या घरी कल्याणच्या पाव्हण्यांना कोंबडीचं जेवण होतं. मला पण रस्सा दिला. चांगला होता. खाऊन झाल्यावर ध्यानात आलं.

२४ नोव्हेंबर

पाड्यावर सगळ्या दारांना काटे लावलेले. कुत्री तेवढी होती. एकटी बारकी सुईण उन्हात बसलेली. म्हणाली, वाल्मिकनी अंधारातच माणसं भरली. ट्रक चालू ठेवून हॉर्न मारत होता. ठमी एकदा चढली, परत उतरली, वळणापर्यंत चालत जाऊन रस्ता बघून आली. मग झिपरूनी हात देऊन वर ओढली.

बारकीनी विचारलं, "खोली मिळाली का रे?"

मी म्हटलं, मिळाली.

२५ नोव्हेंबर

मुरबाडला परत आलो तर मागच्या खोलीत कोंड्याची पोती, खिडकीच्या वरपर्यंत. माझ्या तीन विटांवर फळी टाकून त्यावर पहिली थप्पी. दुकानात मिस्त्री जमिनीला खड्डे पाडत होता, दुसऱ्या हलरसाठी. मी टेपचं टोक धरलं होतं ते हेच माप.

शेठ शांतपणे बोलले. म्हणाले, एकटा असशील तर पोती उचलायला राहा, हंगामभर. "बाईमाणूस कुठं ठेवतोस इथं? गिरणीत?"

दादा दिसला नाय. त्याचा इस्त्रीचा शर्ट दोरीवर वाळत होता, त्याच्यावर कोंडा बसला होता. मी झटकला. गेला नाय.

६ जानेवारी २००८, भट्टीवर, खाडीच्या अंगाला

डायरी संपली, मागच्या कोऱ्या पानांवर लिहितोय.

मी आलो तेव्हा बाबा चिखल तुडवत होता. वर न बघता म्हणाला, "आलास. घमेलं घे." ठमीनी उठून माझ्यासाठी ताटली धुतली. आता जोडी आमची, बाबा दुसऱ्याबरोबर.

ठमीला नववा आहे. वाकवत नाय, तरी वाकते. दवाखाना लांब आहे, वाल्मिक म्हणतो टाइम आला की बघू.

आमची खोप भट्टीच्या अंगाला पडली, उशिरा आलेल्याला तीच मिळते. रात्री वारा फिरला की भट्टीचा धूर दारातून आत येतो आणि आतच राहतो. खोपीला एकच तोंड. ठमी बसून खोकते, आडवं होता येत नाय.

परवा मी मागच्या कुडाला भोक पाडलं. पुढून आत, मागून बाहेर. दादानी दिलेला छोटा पंखा त्यात बसवला, बाण बाहेर. लाइट नाय, पण पाती वाऱ्यावर फिरतात. सगळी बघून गेली. बाबा म्हणाला, "शिकून आलाय." ठमी पण हसली, बऱ्याच दिवसांनी.

पण रात्री खाडीवरून वारा सुटला, थंड. पाती उलटी फिरायला लागली. बाण बाहेर दाखवतो आणि वारा आत येतो, सरळ ठमीच्या पाठीवर. ती काकडली.

आज उठलो तर भोकात तिच्या लुगड्याचा बोळा कोंबलेला, पंख्यासकट. खोप धुरानी भरलेली. ती पोटावर हात ठेवून बसल्या बसल्या झोपलेली, झोपेत खोकत होती.

मी बोळ्याला हात लावला. बाहेर खाडीचा थंड वारा तसाच होता. हात तसाच ठेवून बसलो.